फुटामागं एक सूत

सन्मती मगदूम हातकणंगल्याहून सकाळच्या एस्टीनं आला,
राजारामपुरी नववी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना.
चपला दाराबाहेर जोडीनं काढल्या
आणि आत येऊन उभाच राहिला.
बस म्हटलं तर म्हणाला, "बसायला न्हाई आलो मॅडम.
दौलाला का मारलासा?"

दौला म्हणजे आमच्या खेळातला पहारेकरी.
'तेरावा दरवाजा', भाग पाच, वर्षं अठरा.
लंगडत येतो, कंदील वर धरतो,
म्हणतो, आत जायचं तर कारण सांग.
पाचव्या भागात मी त्याला कंदिलासकट विहिरीत जाऊ दिलं.
तीन रात्री लागल्या लिहायला.
चौथ्या सकाळी गंगावेशीत एकटीच दूध पीत उभी राहिले,
सुतक फिटल्यासारखी.

सन्मतीनं पिशवीतून वही काढली.
दोनशे पानी, खाकी कव्हर, लेबलवर सातवी ब.
दरवाजान् दरवाजा हिरव्या जेलपेननं,
पायऱ्या मोजलेल्या.
"पयल्या तीन भागात ह्यो उजव्या पायानं लंगडतोय,
चौथ्यात डाव्या. पोरं हसली. मी न्हाई हसलो."
बोट ठेवलं एका ओळीवर, तारखेसकट:
दौला लंगडा नाहीच. सोंग आहे.
ज्याला हे कळेल त्याला तेरावा दरवाजा दिसेल.

मी पाणी प्यायला उठले.
चौथ्या भागाच्या घाईत मी चित्र उलटं फिरवलं होतं,
परत फिरवायचं विसरले, एवढंच.
चूक माझी.
सोंग मात्र पोरांचं.
तोंडातोंडी फिरत ते माझ्यापर्यंत आलं
आणि पाचव्याचा सगळा डोलारा मी त्यावर उभा केला.
मुलाखतीत म्हणाले, हे पहिल्यापासून डोक्यात होतं.

"पैसं नगंत," सन्मती म्हणाला. "नावबी नगं.
तुम्ही त्याला जन्माला घातलासा, मान्य.
पर सोंग करायला त्याला आम्ही शिकवलंय.
माघारी आणा."

माझे बाबा उद्यमनगरात सागवानी साचे करायचे,
पंपाच्या बॉडीचे, इंजिनाच्या चाकांचे.
साचा गिऱ्हाइकाचा, वर लाल रंगात नावही त्याचंच.
भांडण झालं की गिऱ्हाईक साचा टेम्पोत घालून नेई,
बाबा अंगावरचा भुसा झाडत बसत.
त्यांच्या पट्टीवरचे इंच इतरांपेक्षा मोठे होते.
"बीड निवताना आकसतं," म्हणायचे,
"फुटामागं एक सूत जादा धरायचं,
तवा कुठं पाहिजे तेवढं हातात येतंय."

वहीतला दौला त्या पट्टीनं काढलेला होता.
माझा कधीचाच निवलेला.

"नाही आणणार," मी म्हटलं. "मेला तो."
मला वाटलं ओरडेल.
त्यानं नुसती मान हलवली, परगावच्या डॉक्टरपुढं हलवतात तशी,
आणि वहीचं शेवटचं पान उलटू लागला.
"मग ह्यो दरवाजा तरी बघा. सहाव्यासाठी. फुकट घ्या."

मी डोळ्यांवर हात ठेवले.
खरंच ठेवले, चाळिशीची बाई, चष्म्यावरूनच.
"दाखवू नकोस. पाहिला तर मला कधीच काढता येणार नाही तो."
वकिलानं पाठ करून घेतलेलं वाक्य.
पानाचा आवाज झाला. मग जिन्याचा.

संध्याकाळी खालचा झेरॉक्सवाला म्हणाला,
"ते पोरगं एक पान काढून ठेवून गेलंय तुमच्यासाठी.
दोन रुपये राहिल्यात."
दिले.

घडी उघडलेली नाही. खणात आहे,
बाबांच्या पट्टीखाली.
रोज रात्री सहाव्याचा दरवाजा काढायला घेते.
कमान घालते, पुसते.
बिजागरी डावीकडं घेते, पुसते.
बिनकमानीचा काढला परवा, बरा वाटला,
म्हणून तोही पुसला.